वाईट दिवसाची भाजी

डॉक्टर फडोळ मॅडमच्या घरी मखमलाबादला भाजीचा मळा आहे. दोडकी, कारली, वांगी, कोथिंबीर, हंगाम असेल तसं सगळं निघतं. त्यांचे मिस्टर रामदासभाऊ पहाटे टेम्पो भरून मार्केट यार्डात माल नेतात. आणि याच घरातली सून, अंगावर ॲप्रन आणि गळ्यात स्टेथोस्कोप, त्याच यार्डाबाहेरच्या भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालताना मी पहिल्यांदा नीट पाहिली. शेजारी ॲम्ब्युलन्स उभी, नुकतीच धुतलेली, मागच्या दारातून पाणी ठिबकतंय, आणि बाई म्हणताहेत, "अहो मावशी, ही मेथी आहे का गवत? नुसते देठच देठ. नीट भाव सांगा."

ती ॲम्ब्युलन्स चालवणारा मी. आमच्या खात्यात ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात. माझ्या आईने विंचूरला घरोघर जाऊन सांगितलं होतं की पोरगा पायलट झाला, आणि समोरचा पुढचं काही विचारायच्या आत ती विषय बदलायची. त्याआधी मी कांद्याचे ट्रक चालवायचो. कांद्याचं बरं असतं. तो मागे गपगुमान पडून असतो, विव्हळत नाही, आणि पोचायला उशीर झाला तर व्यापारी शिव्या देतो, एवढंच. ॲम्ब्युलन्सवर पगार नियमित म्हणून मी आलो. मागे माणूस असणार आहे, याचा विचार मी खरं तर केलाच नव्हता.

पहिल्याच आठवड्यात आडगावच्या पुढे हायवेवर मोटारसायकलचा अपघात झाला. त्याचं वर्णन मी करत नाही. आम्ही पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मॅडमनी करायचं ते सगळं केलं, आणि मी त्या सांगतील ते धरत, उचलत, देत गेलो. सगळं आटोपल्यावर गाडी धुतली. मी अगदी ठणठणीत होतो. म्हणजे, मला तसं वाटत होतं. किल्ली लावायला गेलो तर ती भोकातच जाईना. मॅडम शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "खैरनार, सरका. मी घेते गाडी." हे नियमात बसत नाही, आणि मॅडमचं ड्रायव्हिंग तर कशातच बसत नाही. यार्डापर्यंतचा रस्ता त्यांनी पहिल्या गिअरमध्ये काढला. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना खिडकीतून हात काढून "दिसत नाही का, ॲम्ब्युलन्स आहे" असं त्याच दटावत होत्या.

तर तिथे ती मेथीची हुज्जत झाली. दोन जुड्या घेऊन आम्ही आमच्या जागेवर आलो. पेठ रोडला एका आरोग्य केंद्राच्या आवारात बदामाच्या झाडाखाली आमची गाडी उभी असायची. मॅडमनी गाडीच्या मागच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरलं, एक जुडी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, "निवडा."

"मॅडम, मला नाय येत."

"ट्रक चालवायला येतो, मेथी निवडायला येत नाही? पानं इकडे, देठ तिकडे. कोवळा देठ राहू द्या, जून टाका."

मी निवडायला लागलो. काड्या वेड्यावाकड्या तुटत होत्या, पण मेथीला त्याचं काही नव्हतं. अर्धी जुडी झाल्यावर मॅडम वर न बघता म्हणाल्या, "आता सांगा. काय पाहिलं? पहिल्यापासून."

"तुम्ही व्हत्या ना तिथं."

"मी माझं पाहिलं. तुम्ही तुमचं सांगा."

मी म्हणालो, "चप्पल." आणि थांबलो. मग म्हणालो, "डिव्हायडरवर एक चप्पल व्हती. सुलटी. कुनी घरात जाताना काढून ठेवल्यासारखी." एवढं बोललो आणि मला हुंदका फुटला. ट्रकवर इतकी वर्षं काढलेला माणूस मी, मिशा आहेत मला, आणि मी भर दिवसा मेथीची काडी हातात धरून रडत होतो. मॅडम "रडू नका" म्हणाल्या नाहीत. "मेथीवर नका रडू, खारट होईल. तोंड तिकडे करा," म्हणाल्या. मी तोंड बदामाकडे केलं आणि रडलो. निवडलेली मेथी त्यांनी पिशवीत घालून मला दिली. घरी गेलो, जेवलो, झोपलो. झोप लागली, याचंच मला सकाळी नवल वाटलं.

हळूहळू मला या कारभाराचे कायदे कळत गेले. पहिला कायदा, हात चालू झाल्याशिवाय तोंड चालू करायचं नाही. "आधी शेंगा, मग सांगा," असं त्या म्हणायच्या, आणि हे आपल्याला सुचलं याचा त्यांना फार अभिमान होता. दुसरा, जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तेवढंच सांगायचं. कुणाची चूक, कुणाचं नशीब, सरकार, रस्ते, हे काही काढायचं नाही. आणि तिसरा कायदा सगळ्यांत कडक. एक जण सांगत असताना दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही. कुणी "अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका" असं म्हणायला तोंड उघडलं की मॅडम म्हणायच्या, "सल्ला पिशवीत ठेवा. घरी जाऊन फोडणी द्या."

भाजीही दिवसाप्रमाणे ठरलेली होती. पाय मोडलेला माणूस बोंबलत का होईना सुखरूप पोचला, तर कोथिंबीर. हार्ट अटॅकवाला दवाखान्याच्या दारातच गेला, तर घेवडा. अपघाताला मेथी. आणि लहान मूल असलं तर मटार, कारण मटार सोलायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. गाडीत बाळंतपण झालं तर मात्र भाजी नाही, पेढे. असे पेढे आम्ही पुष्कळ खाल्ले, हेही सांगितलं पाहिजे. नाही तर वाचणाऱ्याला वाटायचं, आमच्या गाडीत बसलेला माणूस वाचतच नव्हता.

मॅडमच्या सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. एकदा मी मॅडमना सोडायला मळ्यात गेलो तर म्हातारी मला म्हणाली, "मळ्यात कोथमीर पिवळी पडती, अन् ही बया यार्डातून जुड्या आनती. डाक्टर झाली, पन याड काय गेलं नाय." मीही एकदा मॅडमना विचारलं होतं की घरचीच भाजी का आणत नाही. त्या म्हणाल्या, "घरची घरासाठी. आणि मग घासाघीस कुणाशी करू, सासूबाईंशी? खैरनार, माणूस पाच मिनिटं मेथीवरून भांडला ना, की परत माणसांत येतो." यार्डाबाहेरच्या मावशींना हे बहुतेक कळलं असावं. गाडी ओली दिसली की त्या मुद्दाम वाढीव भाव सांगायच्या.

आमच्या कॉलनीत मात्र माझी भलतीच प्रतिष्ठा वाढली. "खैरनारांचे मिस्टर भाजी निवडून आणतात," अशी बायकांत चर्चा होऊ लागली. दोन-चार घरांत माझ्यावरून भांडणं झाल्याचंही कानावर आलं. आमची सुनीताही खूश होती. एकदा तिच्या माहेरची माणसं येणार होती तर मला निघताना म्हणाली, "येताना चार जुड्या मेथी निवडूनच आणा हं." मी दारातच थांबलो. चार जुड्यांचा दिवस कसा असेल, ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिला कळलं. इतक्या दिवसांच्या सगळ्या पिशव्या तिला एकदम कळल्या असणार. म्हणाली, "राहू द्या. मी बटाट्याची करते." त्यानंतर मी निवडलेली भाजी घेऊन गेलो की ती काही विचारायची नाही. फक्त मुलांना सांगायची, "बाबांना आज त्रास देऊ नका." आणि भाकरी जरा जास्त गरम वाढायची.

कोरोनाच्या दिवसांत यार्ड बंद होतं, तेव्हा मात्र मॅडमनी हार मानून घरच्या मळ्यातलं गवारीचं पोतं गाडीत आणून ठेवलं. अंगात तो प्लॅस्टिकचा झगा, डोळ्यांवर चष्मा, दोन माणसं एकमेकांपासून लांब बसून गवार मोडताहेत, असं ते दृश्य होतं. केंद्रात लस घ्यायला आलेला एक आजोबा बराच वेळ आमच्याकडे बघून शेवटी म्हणाला, "आता ह्या रोगावर गवार निघाली का?" मॅडम त्या महिन्यात पहिल्यांदा हसल्या.

पुढे आमच्याकडे डॉक्टर समीर म्हणून एक तरुण डॉक्टर दुसऱ्या पाळीला आला. हुशार पोरगा. पहिल्यांदा आम्हाला मटार सोलताना पाहून म्हणाला, "मॅडम, याला काही शास्त्रीय आधार आहे का?" मॅडमनी त्याच्या हातात मूठभर शेंगा दिल्या. "आहे. हा घ्या." महिन्याभरात तो स्वतःची सुरी घेऊन यायला लागला.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. मॅडम आम्हाला सगळ्यांना बोलायला लावायच्या, पण स्वतःची पाळी आली की भाजीवाल्या मावशींच्या सुनेबद्दल, नाही तर रामदासभाऊंच्या घोरण्याबद्दल सांगायच्या. आम्ही हसायचो आणि पाळी संपायची. आम्हाला वाटायचं, बाई दगडाची आहे. आम्हाला तसं वाटून घेणं सोयीचंही होतं.

पेशंटशी बोलायचं त्यांचं एक वाक्य होतं. "काही होत नाही तुला, मी आहे ना." वयाने मोठा असेल तर "तुम्हाला". माझ्या केबिनमधून मागे बघायला एक सरकती काच आहे, ती मी अर्धी उघडी ठेवतो. त्यातून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते कानावर पडलं की माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर पडायचा. त्यांच्या आवाजात असं काही होतं की पेशंट तर गप्प व्हायचाच, पण समोरचा ट्रकवालाही बाजूला होईल, असं वाटायचं.

मग द्राक्षांच्या हंगामात वणी रोडला मजुरांची पिकअप उलटली. आमच्या गाडीत एक मुलगी आली, सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आलेली. विशीची असेल. रक्त फारसं दिसत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. सगळं आत चाललं होतं. तिने तिच्या बोलीत मॅडमना विचारलं, मी मरणार का. मॅडम म्हणाल्या, "काही होत नाही तुला, मी आहे ना." मी जेवढी पळवता येते तेवढी गाडी पळवली. म्हसरूळच्या अलीकडे मागचा आवाज बंद झाला. मॅडम तरीही हॉस्पिटलपर्यंत तिच्या छातीवर दाब देत राहिल्या, पण ती गेली होती.

त्या दिवशी गाडी धुतल्यावर मी यार्डाकडे वळलो, तर मॅडम म्हणाल्या, "नको. सरळ घ्या." मला वाटलं, दमल्या असतील. दुसऱ्या वाईट दिवशीही तेच. मग मी आणि समीर दोघेच निवडायला बसायचो आणि मॅडम गाडीत आतून दार लावून, धुतलेली फरशी परत पुसत बसायच्या. दिंडोरी-वणीकडचा कॉल आला की ऑक्सिजनचा सिलिंडर पुन्हा पुन्हा तपासायच्या. काम चोख करायच्या, पण मुक्याने. ते वाक्य तर त्यांनी टाकूनच दिलं. पेशंट विचारायचा, "डॉक्टर, मला काय होतंय?" आणि मॅडम सलाईनच्या बाटलीकडे बघत राहायच्या.

आणि त्यांनी मला ओरडणं बंद केलं. हे कदाचित वाचणाऱ्याला लहानसं वाटेल. पण रोज "अहो खैरनार, खड्डा दिसत नाही का," "अहो खैरनार, हॉर्न वाजवायला पैसे पडतात का," हे ऐकून ज्याचा दिवस जायचा, त्या माणसाला विचारा. गाडी रिकामी असताना मी मुद्दाम चुकीच्या गल्लीत घातली, ब्रेक कचकन मारला, एकदा तर त्यांच्या डब्यातलं लोणचं न विचारता खाल्लं. त्या "बरं" म्हणाल्या. मला भीती वाटली ती त्या "बरं"ची.

एके दिवशी रामदासभाऊंचा फोन आला. बोलायला कमी असलेला माणूस. म्हणाले, "खैरनार, ही घरी येती आन् वट्यावर बसून राहती. हाक मारली तरी आत येत नाय. जेवत नाय धड. काय झालंय तुमच्याकडं?" त्याच आठवड्यात मॅडमनी मला सांगितलं की त्या पुढच्या महिन्यात राजीनामा देणार. "मळ्यात बसेन. गाडीत मागे बसले की माझे हात माझे राहत नाहीत. कुणाची तरी शीर चुकेल माझ्या हातून." आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. मला त्यांच्याशिवाय ती गाडी चालवायची नव्हती, आणि हे त्यांना सांगायची हिंमतही नव्हती.

मग मी यार्डावर जाऊन स्वतःच मटार घेतला. मला घासाघीस येत नाही. मावशींनी सांगितला तो भाव देऊन आलो. पायरीवर पेपर पसरला, पातेलं ठेवलं आणि शेंगा ओतल्या. त्या जून, टणक शेंगा बघून मॅडमना राहवलं नाही.

"कितीला दिल्या?"

मी भाव सांगितला.

"फसवलं तुम्हाला." असं म्हणून त्या बसल्या. बोटं सवयीने चालू लागली. मीही सोलत राहिलो. बऱ्याच वेळाने माझं पातेल्याकडे लक्ष गेलं. त्यात माझ्या दाण्यांवर टरफलांचा ढीग होता, आणि दाणे मॅडम कचऱ्याच्या पेपरावर टाकत होत्या. एकेक शेंग अगदी निगुतीने उलगडत होत्या, दाणे फेकत होत्या आणि टरफल जपून ठेवत होत्या. मी हसू दाबलं. मग दाबता आलं नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि त्यांनाही हसू फुटलं. खूप हसल्या. हसता हसता तोंडावर ॲप्रन घेतला, आणि मग तो खाली आलाच नाही.

"तिने विश्वास ठेवला हो," त्या ॲप्रनच्या आतून म्हणाल्या. "मी म्हटलं, काही होत नाही तुला, आणि तिने लगेच ठेवला. एकदम शांत झाली. मला माहीत होतं, खैरनार. पोटाला हात लावला तेव्हाच मला माहीत होतं. तिला कुणाला काही सांगायचं असेल, कुणाची आठवण काढायची असेल. मी तिला वेळच दिला नाही. खोटं बोलून गप्प केलं मी तिला."

"मॅडम, त्यात तुमची काय चूक..."

"सल्ला पिशवीत ठेवा."

मी ठेवला. त्या बोलत राहिल्या. त्या मुलीबद्दल बोलल्या, मग तिच्या आधीच्या एकाबद्दल, त्याच्याही आधीच्यांबद्दल. मी गाडीवर यायच्या आधीची माणसं त्यांनी काढली. इतकी वर्षं आमचं सगळं ऐकताना बाईंनी स्वतःचं कुठे ठेवलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं, आणि मला स्वतःचीच नाही, आमच्या सगळ्यांचीच थोडी लाज वाटली. मध्येच समीर आला. उभ्या उभ्या ऐकलं, मग खाली बसून पेपरावरचे दाणे वेचून पातेल्यात टाकू लागला. मॅडम थांबल्या तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, सल्ला नाही देत. पण हे भाजीने भागणारं नाही. माझा एक सिनिअर आहे कॉलेज रोडला, सायकियाट्रिस्ट. तुम्ही त्याला भेटा."

"मी डॉक्टर आहे, समीर."

"म्हणून तर. घरचा डॉक्टर घरच्यांसाठी. स्वतःसाठी बाहेरचा."

मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, पातेलं त्याच्या डोक्यात जातंय. पण त्या गेल्या. जाताना स्कूटीवर तोंडाला असा काही स्कार्फ बांधला होता की मखमलाबादचं कुत्रंसुद्धा ओळखणार नाही. आत बाकावर तसाच स्कार्फ बांधलेली आणखी एक बाई बसली होती म्हणे. थोड्या वेळाने तिने विचारलं, "फडोळांची सून ना? यंदा वांगी बरी आली का?" दोघींनी वांग्यांवर गप्पा मारल्या, आणि इथे का आलो, ते दोघींनीही काढलं नाही.

पहिल्या भेटीनंतर मी विचारलं, "कसा वाटला डॉक्टर?" मॅडम वैतागून म्हणाल्या, "बरा आहे. गोळ्या दिल्यात. पण मेला तासभर बोलायला लावतो आणि हातात काही म्हणून देत नाही. निदान घेवडा तरी द्यायचा." दुसऱ्या भेटीला त्या पर्समध्ये भुईमुगाच्या शेंगा घेऊन गेल्या. त्या डॉक्टरनेही दोन-चार फोडल्या म्हणे. राजीनामा त्यांनी दिला नाही. त्याच डॉक्टरच्या सांगण्यावरून सुट्टी घेतली आणि मळ्यात राहिल्या. रामदासभाऊ मला फोनवर म्हणाले, "आता घरात येती. पन मला कोथमीर कशी बांधायची ते शिकवती, लय तरास हाय." एवढा आनंदी माणूस मी त्यांच्या आवाजात पूर्वी कधी ऐकला नव्हता.

आता मॅडम आमच्या गाडीवर नाहीत. गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांना शिकवायच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल दिली, साहेबांनी मॅडमचं नाव चुकीचं वाचलं, सगळं रीतसर झालं. पण मॅडम म्हटलं की मला तो कार्यक्रम आठवत नाही. आठवतो तो सुट्टीनंतर त्या परत आल्या तो दिवस.

त्या दिवशी देवळालीची गाडी दुसरीकडे अडकली होती म्हणून तिथल्या लष्करी कॅम्पातला कॉल आमच्याकडे आला. निवृत्त सुभेदार, सत्तरीच्या पुढचे, छातीत दुखत होतं. घामाने भिजलेले, तरी स्ट्रेचरवर झोपायला तयार नव्हते. "मी चालत येतो" म्हणत होते. मॅडमनी त्यांना झोपवलं, गोळी चघळायला दिली, ऑक्सिजन लावला, ईसीजीची पट्टी काढली. त्यांचे हात मी काचेतून बघत होतो. थरथरत नव्हते. उपनगर नाक्याच्या आसपास सुभेदारांनी मास्क बाजूला केला आणि विचारलं, "बाई, खरं सांगा. वाचतो का मी?"

त्या जुनं वाक्य बोलल्या असत्या तर मला वाटलं असतं, बाई परत सगळं आत कोंबायला लागल्या. आणि गप्प राहिल्या असत्या तर त्या पुन्हा या गाडीत चढल्या नसत्या, एवढं मला कळत होतं.

मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही, काका. अटॅक मोठा दिसतोय. मला येतं ते सगळं मी करतेय. कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा, मी ऐकते. आणि पोचेपर्यंत हा हात मी सोडत नाही."

सुभेदारांनी तो हात घट्ट धरला. मग बोलायला लागले. बायको गेल्यापासून मुलाशी बोलणं बंद होतं म्हणाले. चूक दोघांची होती, पण आपली जास्त. मोबाईलमध्ये त्याचा नंबर आहे, त्याला सांगा की बाप रागावलेला नाही. मॅडम "हं, हं" करत होत्या. सल्ला नाही, धीर नाही, नुसतं "हं." मी इतका कान देऊन ऐकत होतो की हॉस्पिटलचं गेट मागे पडलं.

"अहो खैरनार! गेट गेलं मागे! डोळे कुठे आहेत तुमचे?"

मी करकचून ब्रेक मारला आणि गाडी मागे घेतली. कितीतरी महिन्यांनी त्या मला ओरडल्या होत्या. आरसे धूसर दिसत होते, तरी मी गाडी बरोबर दारात लावली.

वॉर्डबॉयनी स्ट्रेचर उतरवलं. मॅडम शेजारून चालत आत गेल्या, मी मागून सिलिंडर घेऊन. आतल्या दाराशी सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, सोडा आता, आम्ही घेतो." मॅडमनी सिस्टरकडे पाहिलंच नाही. खाली वाकून त्यांनी सुभेदारांना विचारलं, "काका, सोडू का?"

सुभेदारांनी मान हलवली. "सोडा, बाई. पोचलो की."

मग त्यांनी हात सोडला.